सर्वांत श्रद्धाळू मुलाने कुठे जायचे?

धर्म आणि समलिंगी माणसे हा विषय निघाला की चर्चा दोन ठरलेल्या वाक्यांपाशी येऊन थांबते. एक बाजू म्हणते, आमच्या धर्मात हे बसत नाही. दुसरी म्हणते, मग सोडा असला धर्म. आपापले वाक्य बोलून झाले की दोघांनाही समाधान मिळते आणि विषय संपतो. पण ज्या मुलाला धर्म सोडायचा नाही आणि स्वतःला बदलताही येत नाही, त्याने कुठे जायचे? या प्रश्नाचे उत्तर दोन्ही वाक्यांत नाही. तो मुलगा मात्र तिथेच उभा असतो, बहुतेक वेळा गप्प.

‘द मिसएज्युकेशन ऑफ कॅमरन पोस्ट’ हा अमेरिकन चित्रपट मला याच मुलासाठी महत्त्वाचा वाटतो. मोठ्या स्टुडिओच्या आधाराशिवाय, कमी खर्चात केलेल्या या चित्रपटाला २०१८ साली सनडान्स महोत्सवात अमेरिकन कथापटांच्या विभागातला सर्वोच्च ज्युरी पुरस्कार मिळाला. तो एमिली डॅनफोर्थ यांच्या २०१२ मधल्या कादंबरीवर आधारलेला आहे. दिग्दर्शिका देझिरे अखवान यांचे आईवडील इराणमधून अमेरिकेत आलेले. त्यांच्या ‘अप्रोप्रिएट बिहेवियर’ या २०१४ मधल्या पहिल्या चित्रपटाची नायिका न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या इराणी कुटुंबातली आहे. आपण मुलींच्याही प्रेमात पडतो, हे ती घरी सांगू शकत नाही. घर आणि गुपित यांच्यातला तिढा अखवान यांना नवा नव्हता. या वेळी तो त्यांनी ख्रिस्ती घरात नेऊन पाहिला.

गोष्ट १९९३ सालची आहे. कॅमरन ही शाळकरी मुलगी. आईवडील अपघातात गेलेले, मावशीने सांभाळलेली. शाळेच्या नृत्याच्या रात्री ती गाडीत आपल्या मैत्रिणीसोबत असताना पकडली जाते. मावशी धर्मनिष्ठ आहे आणि तिचा जीवही आहे पोरीवर. ती कॅमरनला ‘गॉड्स प्रॉमिस’ नावाच्या ख्रिस्ती निवासी केंद्रात पाठवते. मुलामुलींचा समलिंगी कल प्रार्थना, शिस्त आणि समुपदेशनाने घालवता येतो, असा त्या केंद्राचा दावा. अशा प्रयत्नांना ‘कन्व्हर्जन थेरपी’ म्हणतात. नावात थेरपी असली तरी तिला वैद्यकशास्त्राचा आधार नाही.

या केंद्रात कुणी चाबूक घेऊन उभे नाही. जेवायला मिळते, गाणी होतात, व्यायाम होतो, डोंगरात फिरायला नेतात. केंद्र चालवणाऱ्या डॉ. लिडिया मार्श थंड स्वभावाच्या असल्या तरी आपण मुलांना वाचवतो आहोत, यावर त्यांचा पूर्ण विश्वास आहे. त्यांचा भाऊ रेव्हरंड रिक गिटार वाजवणारा, हसऱ्या चेहऱ्याचा. तोही एकेकाळी समलिंगी होता, आता ‘बरा’ झाला, असे सांगितले जाते. म्हणजे तोच या केंद्राचा पुरावा. प्रत्येक मुलाला कागदावर एक हिमनग काढून देतात. वर दिसणारे टोक म्हणजे समलिंगी आकर्षण आणि पाण्याखालचा भाग म्हणजे त्याची ‘कारणे’. ती कारणे मुलाने स्वतः शोधून लिहायची. आई फार जवळची होती का? वडील दूर राहिले का? खेळाची आवड जास्त होती का? आपल्या आयुष्यातल्या प्रत्येक साध्या आठवणीकडे आजाराचे लक्षण म्हणून बघायला मुलांना शिकवले जाते. ज्या वडिलांसोबत सामना बघताना मुलगी आनंदी होती, तो आनंदही मग संशयित ठरतो.

चित्रपट कॅमरनच्या नावाचा आहे. तिथे तिला दोन दोस्त भेटतात: कम्यूनमध्ये वाढलेली जेन आणि लाकोटा आदिवासी समाजातला अॅडम. तिघेही मनातून या जागेला मानत नाहीत. वरवर मान डोलवायची, आत स्वतःला शाबूत ठेवायचे, हे त्यांना जमते. शेवटी फिरायला जातो असे सांगून ते तिथून निघतात आणि एका ट्रकच्या मागे बसून रस्त्याला लागतात. प्रेक्षक त्यांच्यासोबत निघतो आणि सुटल्यासारखे वाटते.

मला मात्र चित्रपट संपल्यावर आठवत राहिला तो चौथा मुलगा, मार्क.

मार्क त्या केंद्रातला सर्वांत मनापासून विश्वास ठेवणारा मुलगा आहे. तो नाटक करत नाही. त्याला खरोखर देवाला आवडेल तसे व्हायचे आहे. वडिलांनी आपल्याला घरी बोलवावे, एवढीच त्याची आस. वडिलांचा निरोप येतो: तू अजून बायकी आहेस, इतक्यात घरी येऊ नकोस. दुसऱ्या कुणाला राग आला असता. मार्कला राग कुणावर काढायचा तेच कळत नाही, कारण देवही त्याचाच आहे आणि वडीलही त्याचेच. गटाच्या बैठकीत तो बायबलमधला संत पौलांचा एक उतारा सर्वांसमोर म्हणतो. माणसाच्या दुर्बळपणातूनच देवाचे बळ प्रकट होते, अशा आशयाचा तो उतारा आहे. म्हणता म्हणता तो कोसळतो. त्याच रात्री तो स्वतःच्या शरीराला भयंकर इजा करून घेतो.

हा चित्रपट मी श्रद्धा असणाऱ्यांनी आवर्जून पाहावा असे म्हणते, ते या मुलासाठी. अशा ठिकाणी सर्वांत जास्त नुकसान बंडखोराचे होत नाही. ज्याचा विश्वास सर्वांत जास्त, तोच सर्वांत जास्त भरडला जातो. कॅमरन वाचते कारण तिच्या मनाची एक खोली तिने या लोकांसाठी कधी उघडलीच नाही. मार्कने घराच्या सगळ्या किल्ल्या विश्वासाने त्यांच्या हातात दिल्या होत्या. उपचार फसला तेव्हा केंद्र चुकीचे आहे, असे त्याच्या मनात आले नाही. मीच चुकीचा आहे, असे आले. धर्माच्या नावाने चालणारी एखादी व्यवस्था जर धर्म मनापासून मानणाऱ्या लेकरालाच आधी गिळत असेल, तर तिची चिकित्सा करण्याची पहिली जबाबदारी नास्तिकांची नाही. ती धर्म मानणाऱ्यांची आहे.

या घटनेनंतर सरकारी अधिकारी चौकशीला येतो. मारहाण होते का, उपाशी ठेवतात का, असे तो विचारतो. कॅमरन त्यालाच उलटे विचारते, स्वतःचा द्वेष करायला शिकवणे हा छळ नाही का? अधिकाऱ्याच्या नोंदवहीत या प्रश्नाला रकाना नाही. छळ म्हटले की आपण वळ शोधतो. वळ नसतील तर ‘शेवटी चांगल्यासाठीच केले’ म्हणून सोडून देतो. आणि इथे सर्वांनी सर्व काही चांगल्यासाठीच केलेले आहे. मावशीचे प्रेम खोटे नाही. रिकची कळकळ खोटी नाही. मार्कची बातमी सांगताना, कॅमरनच्या प्रश्नांपुढे त्याला उत्तर सुचत नाही आणि तो रडू लागतो. आपण काय करतो आहोत हे या मोठ्या माणसांना मुळात ठाऊकच नव्हते, हे त्या क्षणी कळते. पण करणाऱ्याचा हेतू शुद्ध होता म्हणून सोसणाऱ्याची जखम लहान होत नाही. उलट शत्रूने केलेला घाव माणूस ओळखतो. आपल्या माणसाने प्रेमाने केलेला घाव ओळखायलाच अर्धे आयुष्य जाते.

हे फक्त पडद्यावरचे आहे, असे कुणाला वाटू शकते. अमेरिकेत अशा संस्थांचे मोठे जाळे होते. ‘एक्सोडस इंटरनॅशनल’ ही त्यांची छत्रसंस्था १९७६ साली स्थापन झाली आणि तिने जवळपास चार दशके ‘बदल शक्य आहे’ असा प्रचार केला. जून २०१३ मध्ये तिचे अध्यक्ष अॅलन चेंबर्स यांनी समलिंगी माणसांना झालेल्या त्रासाबद्दल जाहीर माफी मागितली आणि संस्था बंद होत असल्याचे सांगितले. आपल्या ओळखीतल्या बहुतांश लोकांचा कल बदललेला नाही, हे त्यांनी त्याआधीच मान्य केले होते. चेंबर्स स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती आहेत. ती माफी त्यांनी धर्म सोडून मागितलेली नाही.

विज्ञानाच्या बाजूनेही अशीच एक कबुली आहे. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने १९७३ साली समलैंगिकतेला मानसिक आजारांच्या यादीतून काढले, तेव्हा त्या निर्णयात डॉ. रॉबर्ट स्पिट्झर यांचा महत्त्वाचा वाटा होता. पुढे त्याच स्पिट्झर यांनी, काही लोकांचा कल बदलू शकतो असे सुचवणारा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. ‘बदल’ विकणाऱ्या संस्थांनी तो वर्षानुवर्षे मिरवला. २०१२ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात, त्यांनी तो अभ्यास सदोष असल्याचे मान्य करून समलिंगी समुदायाची लेखी माफी मागितली. बदलल्याचा दावा करणाऱ्यांच्या शब्दाखेरीज त्यात दुसरा पुरावा नव्हता. धर्मसंस्थेचा प्रमुख आणि विख्यात मानसोपचारतज्ज्ञ, दोघांनाही माघार घ्यावी लागली. माघार घेण्यात त्यांची प्रतिष्ठा गेली नाही, उलट तेवढ्यापुरती वाढली.

आता दोन आक्षेपांचा विचार करते.

पहिला आक्षेप श्रद्धावानांचा. प्रत्येक धर्माला आपली शिकवण असते, लोकांच्या सोयीसाठी ती बदलायची का? शिकवणीचा अर्थ काय, हा वाद त्या त्या धर्मातले अभ्यासक घालत राहतील आणि घालावाच. पण शिकवण आणि वागणूक या दोन गोष्टी आहेत. धर्मग्रंथाचा अर्थ लागेपर्यंत मुलाला घराबाहेर ठेवा, असे कोणता धर्म सांगतो? सॅन फ्रान्सिस्को येथील ‘फॅमिली अॅक्सेप्टन्स प्रोजेक्ट’च्या संशोधकांनी २००९ मध्ये २२४ समलिंगी आणि उभयलिंगी तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. किशोरवयात ज्यांना कुटुंबाने फार झिडकारले, त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण, फारसे न झिडकारल्या गेलेल्या तरुणांच्या तुलनेत आठपटींहून अधिक होते. हाच गट नंतर धर्मनिष्ठ कुटुंबांसोबत काम करत आला आहे. त्यांचे म्हणणे साधे आहे: तुमचे मत बदलेल तेव्हा बदलेल, आज निदान मुलाशी बोलणे बंद करू नका, त्याच्या मित्रांना हिणवू नका, त्याला घरातल्या जेवणाच्या पंगतीतून उठवू नका. मार्कच्या वडिलांना सिद्धान्त बदलायला कुणी सांगितले नव्हते. ‘बाळा, घरी ये’ एवढेच म्हणायचे होते.

दुसरा आक्षेप आपल्या पुरोगामी मित्रांचा. असा धर्म हवाच कशाला? तिथून बाहेर पडणे हीच मुक्ती. चित्रपटाचा शेवटही तसाच आहे, आणि माझी त्याबद्दल तक्रार आहे. ट्रकमध्ये बसलेल्या तिघांना सोडून जावे असे फार काही नव्हते. मार्क त्या ट्रकमध्ये नाही. कथेत त्याला जागाच उरलेली नाही. श्रद्धा आणि स्वतःचे असणे, दोन्ही सोबत घेऊन जगता येईल अशी एकही व्यक्ती चित्रपटात दिसत नाही. त्यामुळे त्याला दोनच वाटा उरतात, मोडून जाणे किंवा पळून जाणे. मार्कसारख्या मुलाला ‘धर्म सोड’ म्हणणे आणि ‘समलिंगी असणे सोड’ म्हणणे, यांत त्याच्या दृष्टीने फारसा फरक नाही. दोन्ही बाजू त्याच्याकडे अर्धा माणूस मागतात.

प्रत्यक्षात तिसरी वाट होती आणि ती चर्चच्या आतच तयार होत होती. ट्रॉय पेरी या पास्टरना समलिंगी असल्याने आपले चर्च सोडावे लागले. १९६८ साली लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी समलिंगी माणसांना मोकळेपणाने प्रार्थना करता येईल असे ‘मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्च’ सुरू केले. १९७२ मध्ये ‘युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट’ने विल्यम जॉन्सन या उघडपणे समलिंगी असलेल्या तरुणाला धर्मोपदेशकाची दीक्षा दिली. मुलाच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या जीन मॅनफर्ड या शिक्षिकेने पालकांचा जो गट सुरू केला आणि जो पुढे देशभर पसरला, त्याची पहिली बैठक १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मेथॉडिस्ट चर्चमध्ये भरली होती. आणि त्याच मेथॉडिस्ट पंथाच्या मुख्य अमेरिकन संघटनेने १९७२ मध्ये आपल्या नियमांत लिहून ठेवले होते की समलिंगी आचरण ख्रिस्ती शिकवणीशी विसंगत आहे. ते वाक्य काढायला मे २०२४ उजाडावे लागले. बावन्न वर्षे! या काळात अनेक मंडळ्या त्या संघटनेतून फुटून बाहेर पडल्या. बदल सोपा नव्हता आणि फुकटही नव्हता. पण तो बाहेरच्यांनी लादला नाही. आत राहून वाद घालणाऱ्या, प्रार्थनेच्या बाकावरची जागा न सोडणाऱ्या माणसांनी तो घडवला.

भारतातल्या वाचकाला हे सगळे दूरचे वाटण्याचे कारण नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. त्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात कोण कोण गेले? एक ज्योतिषी, काही ख्रिस्ती संघटना आणि ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डही. एरवी एकमेकांच्या मंचावर न दिसणारे लोक या एका प्रश्नावर एका बाजूला उभे राहिले. ज्या कलम ३७७ साठी ते लढत होते, ते कोणत्याही धर्मग्रंथातून आलेले नव्हते, १८६० च्या ब्रिटिश दंडसंहितेतून आले होते. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी मात्र, चर्च समलिंगी विवाहाला मान्यता देत नसले तरी समलिंगी माणसांना गुन्हेगार ठरवणे चर्चला मान्य नाही, अशी भूमिका मांडली. त्यांनी सिद्धान्त बदलला नव्हता. माणसाला तुरुंगात पाठवण्यासाठी तो वापरू द्यायला नकार दिला होता. शिकवण आणि वागणूक वेगळी ठेवणे शक्य असते, ते असे. पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी, म्हणजे हा चित्रपट आला त्याच वर्षी, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २०१३ चा निकाल फिरवला.

कायद्याचा धाक गेला, ‘बरे करण्याचा’ धंदा गेला नाही. मदुराईच्या दोन तरुणी घरच्यांच्या भीतीने चेन्नईला पळून आल्या, तेव्हा त्यांचे प्रकरण मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांच्यापुढे आले. हा विषय आपल्याला पुरेसा समजलेला नाही, असे म्हणून निकालाआधी ते स्वतः समुपदेशकाकडे बसून शिकले. ७ जून २०२१ च्या आदेशात त्यांनी लैंगिक कल बदलण्याच्या वैद्यकीय प्रयत्नांना मनाई केली. त्यानंतर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कन्व्हर्जन थेरपी हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवले. डॉक्टरावर आता तक्रार करता येते. पण लग्न लावून दिले की ठीक होईल म्हणणारे काका, झाडफूक करणारा बाबा, पाणी फुंकून देणारा बुवा, यांच्यावर कोणती परिषद कारवाई करणार? ‘गॉड्स प्रॉमिस’ला आपल्याकडे पाटी लागत नाही. ते घरातच चालते.

म्हणून कायद्याच्या पलीकडची मागणी धर्म मानणाऱ्यांकडे करावी लागते आणि ती मोठी नाही. आपल्या समाजात, आपल्या पंथात असे एखादे लेकरू आज आहे, हे गृहीत धरून बोला. व्यासपीठावरून बोलणारे पास्टर असोत, मौलाना असोत की कीर्तनकार, समोर बसलेल्यांत एक मार्क आहे आणि तो तुमचा प्रत्येक शब्द खरा मानून ऐकतो आहे. थट्टा त्यालाच लागते. शापही त्यालाच लागतो. पालकांनो, मूल सांगायला येईल तेव्हा त्याला पाठवायची जागा शोधण्याआधी त्याचे बोलणे पुरते ऐकून घ्या. आणि धर्मावर टीका करणाऱ्या आम्हा मंडळींनी या मुलाला आपल्या युक्तिवादातला पुरावा म्हणून वापरू नये. त्याला प्रार्थना करायची असेल तर त्याच्यासाठी जागा मागण्यात आपणही सोबत असायला हवे.

जे आधीच मनाने बाहेर आहेत, ते आपली वाट शोधतील. जो आत राहू इच्छितो, त्याला आत सुखरूप राहता येते का, यावरून धर्मसंस्थेची करुणा मोजायला हवी. मार्कच्या त्या केंद्रात देवाचे नाव दिवसभर घेतले जात होते, आणि तिथल्या सर्वांत श्रद्धाळू मुलाला रात्री जवळ बसणारे कुणी नव्हते.